जलशुक्ती व शंबूक : नदीतील धातुप्रदूषण आणि आपली भस्मे

प्रास्ताविक

शंख, शुक्ती, कपर्दिका आणि शंबूक ही सुधावर्गातील द्रव्ये आपल्या नित्य चिकित्सेतील आहेत. अम्लपित्त, परिणामशूल, ग्रहणी, अस्थिक्षय, गर्भिणीचा दाह अशा अनेक अवस्थांत त्यांची भस्मे, अथवा प्रवाळपंचामृत, कामदुधा, शंखवटी यांसारखे कल्प आपण निःशंकपणे योजतो. पारद, नाग, वंग यांच्या कल्पांबाबत जी सावधगिरी बाळगली जाते, ती येथे सहसा बाळगली जात नाही. ही द्रव्ये सौम्य आहेत, बालक व गर्भिणी यांनाही मानवणारी आहेत, अशी आपली धारणा आहे. गुणकर्मांपुरती ती धारणा योग्यच होय. प्रश्न आहे तो द्रव्य कोणत्या पाण्यातून आले याचा.

२००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विक्रीस असलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल आढळला. त्यानंतर आपल्याकडे शासनाच्या आयुष विभागाने केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य केली. या सर्व चर्चेचा रोख रसकल्पांवर आणि काष्ठौषधींवर राहिला. शिंपल्यासारख्या प्राणिज द्रव्याकडे मात्र ‘हे तर निव्वळ कॅल्शियम’ म्हणूनच पाहिले गेले.

प्रस्तुत लेखात गोड्या पाण्यातील शिंपले व गोगलगायी यांवर धातुप्रदूषणाचा काय परिणाम होतो, तो परिणाम त्यांच्या कवचात कसा उमटतो आणि आपल्या रसशाळेपर्यंत कसा पोहोचतो, याचा विचार केला आहे. येथे ‘धातू’ हा शब्द रसरक्तादी धातू या अर्थी नसून शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त, पारा इत्यादी खनिज धातू या अर्थी योजला आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

शास्त्रातील स्थान

सुश्रुताचार्यांनी अन्नपानविधीत आनूप वर्गाचे पाच गट सांगितले आहेत : कूलचर, प्लव, कोशस्थ, पादी आणि मत्स्य. यांपैकी कोशस्थ म्हणजे कोशात, अर्थात कवचात राहणारे. शंख, शंखनख, शुक्ती, शंबूक यांची गणना या गटात होते. निघंटुकारांनी समुद्रातील मुक्ताशुक्तीहून जलशुक्ती वेगळी मानली आहे. चक्रदत्ताने परिणामशूलावर शंबूकाचे भस्म उष्णोदकासह देण्यास सांगितले आहे; आजही अनेक वैद्य हा योग वापरतात.

महाराष्ट्रातील नद्या व जलाशयांत आढळणारा लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हा मोठा, आतून मोत्यासारखी चकाकी असलेला शिंपला जलशुक्ती म्हणून ओळखता येतो. शंबूक म्हणून पायला ग्लोबोसा ही गोल, टपोरी गोगलगाय बहुधा घेतली जाते. बेल्लामिया बेंगालेन्सिस ही लहान, पट्टे असलेली गोगलगायही आपल्या नद्यांत, तळ्यांत विपुल असते. बाजारात ‘शिंपले’ या एकाच नावाखाली समुद्रातील व नदीतील कवचे सरमिसळ येतात. आम्ही व्यापाऱ्यांकडे मालाच्या उगमाविषयी विचारणा करतो, तेव्हा ‘माल स्वच्छ आहे’ यापलीकडे उत्तर क्वचितच मिळते. स्वच्छ म्हणजे धुतलेला, एवढाच त्याचा अर्थ असतो.

दुष्ट जल आणि त्याचा साक्षीदार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल यांच्या दुष्टीची लक्षणे दिली आहेत. दुष्ट जलाचा गंध, वर्ण, रस व स्पर्श विकृत होतो, ते क्लेदबहुल होते, हे आपण जाणतोच. त्याच ठिकाणी आणखी एक लक्षण सांगितले आहे, ते म्हणजे जलचर पक्षी त्या पाण्याला सोडून जातात. पाण्याची परीक्षा केवळ आपल्या इंद्रियांनी न करता त्यावर जगणाऱ्या प्राण्यांच्या वर्तनावरून करावी, ही दृष्टी यात स्पष्ट दिसते.

धातुप्रदूषणाच्या संदर्भात या दृष्टीचे मोल फार मोठे आहे. एका लिटर पाण्यात काही मायक्रोग्रॅम शिसे वा कॅडमियम असेल, तर त्या पाण्याला ना गंध येतो, ना रंग, ना रुची. इंद्रियपरीक्षेत ते पाणी निर्दोष ठरते. पक्षी उडून जाऊ शकतो, मासा प्रवाह बदलू शकतो. शिंपल्याला मात्र जाता येत नाही. तो चिखलात अर्धा रुतून वर्षानुवर्षे एकाच जागी राहतो आणि जे पाणी येईल ते गाळून पीत राहतो. म्हणूनच आधुनिक शास्त्राने त्याला पाण्याचा साक्षीदार मानले आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली शिंपल्यांच्या आधारे किनाऱ्यांच्या प्रदूषणावर लक्ष ठेवण्याची कल्पना मांडली आणि १९८६ पासून अमेरिकेत हे काम राष्ट्रीय पातळीवर सुरू झाले. पुढे तेथील गोड्या पाण्याच्या महासरोवरांतील शिंपल्यांचाही त्यात समावेश झाला. आपल्याकडेही मराठवाड्यातील प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी गोदावरीच्या खोऱ्यातील शिंपल्यांवर जड धातूंचे प्रयोग केलेले आहेत.

धातू शरीरात कसे शिरतात

प्रौढ शिंपला आकारमान व तापमान यांनुसार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी आपल्या कल्ल्यांवरून वाहवतो. श्वसन आणि आहार ही दोन्ही कामे याच प्रवाहावर चालतात. विरघळलेले धातू कल्ल्यांतून थेट शोषले जातात. चिखलाच्या कणांना व शेवाळाला चिकटलेले धातू अन्नाबरोबर पाचक ग्रंथीत जातात. गोगलगाय दगडावरील शेवाळ आणि तळाचा गाळ खरवडून खाते, त्यामुळे तिच्या बाबतीत अन्नमार्ग अधिक महत्त्वाचा ठरतो. परिणामी त्यांच्या मांसात भोवतालच्या पाण्याच्या तुलनेत हजारो पटींनी धातू साठू शकतात.

येथे आवश्यक आणि अनावश्यक धातूंतील भेद समजून घ्यावा. तांबे व जस्त शरीराला लागतात. अनेक गोगलगायींच्या रक्तातील प्राणवायुवाहक द्रव्य तांब्याचेच बनलेले असते. तथापि तेच तांबे मात्रेबाहेर गेले की कल्ल्यांची क्षारसंतुलन राखणारी यंत्रणा बिघडवते. गोगलगायी मारण्यासाठी मोरचूद वापरले जाते, ते याच कारणाने. मात्रेनुसार एकच द्रव्य पोषक वा विष होते, हे आपल्याला नव्याने सांगावयास नको. शिसे, कॅडमियम व पारा यांना मात्र या प्राण्यांच्या शरीरात कोणतेही उपयुक्त कार्य नाही.

कॅडमियम शरीरात शिरते ते कॅल्शियमच्या मार्गाने. दोहोंच्या आयनांचा आकार जवळजवळ सारखा असल्याने कॅल्शियमसाठी असलेल्या द्वारांतून कॅडमियमही आत येते. शिसेही कॅल्शियमच्या जागी बसते. ज्या प्राण्याचे सर्व आयुष्य पाण्यातील कॅल्शियम वेचून कवच बांधण्यात जाते, त्याच्यासाठी ही फसगत विशेष घातक ठरते. लिम्निया स्टॅग्नॅलिस या तळ्यातील गोगलगायीच्या पिल्लांवरील प्रयोगांत, लिटरमागे केवळ काही मायक्रोग्रॅम शिसे असताही वाढ खुंटते व कॅल्शियमचे शोषण मंदावते, असे दिसून आले आहे. गोड्या पाण्यातील प्राण्यांत शिशाला इतका संवेदनशील प्राणी क्वचितच आढळतो.

प्राण्यांवर होणारे परिणाम

पाण्यात धातूची जाणीव होताच शिंपला आपली दोन्ही दले घट्ट मिटून घेतो. गोगलगाय झाकणाने तोंड बंद करते. अल्पकाळाच्या प्रदूषणात हा उपाय त्यांना वाचवतो. मात्र दले मिटली की श्वसन व आहार दोन्ही थांबतात. साठवलेले ग्लायकोजेन खर्च होऊ लागते, शरीरात अम्ल साचते आणि ते अम्ल शमवण्यासाठी प्राणी स्वतःच्या कवचातील चुना विरघळवू लागतो. दीर्घकाळ प्रदूषित पाण्यात राहिलेला शिंपला कृश होतो.

आत शिरलेल्या धातूंना बांधून ठेवण्यासाठी त्यांच्या पाचक ग्रंथीत व कल्ल्यांत मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिने निर्माण होतात. काही धातू सूक्ष्म खनिज कणांच्या रूपात कोंडून ठेवले जातात. यामुळे प्राणी जगतो, परंतु संग्रह वाढतच जातो. जिवंत, टवटवीत दिसणारा शिंपला निर्विष असतो असे नाही. त्याने विष कोंडून ठेवलेले असते एवढेच.

सर्वांत गंभीर परिणाम पुनरुत्पत्तीवर होतो. गोड्या पाण्यातील मोठ्या शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढतात आणि मग तळाशी गळून स्वतंत्र होतात. या दोन्ही अवस्था तांब्यासारख्या धातूंना प्रौढांपेक्षा फार अधिक संवेदनशील आहेत. मासे नाहीसे झाले तर ही साखळी आपोआपच तुटते. प्रौढ शिंपले मात्र अनेक वर्षे जगतात. त्यामुळे एखाद्या नदीत मोठमोठे शिंपले भरपूर दिसतात, संकलक समाधानी असतो, आणि प्रत्यक्षात तेथे कित्येक वर्षांत नवी पिढी जन्मलेलीच नसते. जेथे केवळ जुने, मोठे शिंपले आहेत आणि नखाएवढे लहान एकही नाही, ते पाणी संशयास्पद समजावे.

पाण्याच्या गुणधर्मांनुसार परिणामांत फरक पडतो. कठीण, म्हणजे कॅल्शियमयुक्त पाण्यात धातूंची तीव्रता काहीशी कमी होते. अम्ल पाण्यात ती वाढते. उन्हाळ्यात प्रवाह आटला की सांडपाण्याचे प्रमाण वाढते. पावसाळ्याच्या आरंभी तळाचा गाळ ढवळून साठलेले धातू पुन्हा वर येतात. ऋतुभेदाने जलाचे गुण बदलतात, हे आपले तत्त्व येथेही लागू पडते.

एका नदीचे उदाहरण

फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील लोट नदीचे उदाहरण या विषयात प्रसिद्ध आहे. या नदीस मिळणाऱ्या रिऊ-मोर नावाच्या ओढ्याकाठी एकोणिसाव्या शतकापासून जस्त गाळण्याचा उद्योग होता. जस्ताच्या खनिजात कॅडमियम स्वाभाविकपणेच असते. खनिजाच्या टाकाऊ ढिगांतून ते झिरपत राहिले आणि १९८६ च्या अपघातानंतर त्याची तीव्रता सर्वांच्या लक्षात आली. संशोधकांनी कॉर्बिक्युला फ्लुमिनिआ हे लहान शिंपले पिंजऱ्यांत घालून ओढ्याच्या संगमाच्या वर व खाली ठेवले. संगमाच्या खाली ठेवलेल्या शिंपल्यांत कॅडमियम झपाट्याने साठले आणि स्वच्छ पाण्यात नेल्यावरही ते फार संथपणे उतरले.

याहून बोधप्रद गोष्ट पुढे आहे. लोट नदी गारोन नदीस मिळते आणि ते पाणी जिरोंद खाडीवाटे समुद्रास जाते. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या खाडीतील कालवांमध्ये कॅडमियम इतके वाढले की १९९६ पासून तेथील कालवे विकण्यास मनाई झाली. कारखान्यातील मूळ प्रक्रिया बंद झाली तरी बंधाऱ्यांमागे साचलेला गाळ धातू सोडतच राहिला. ‘हा शिंपला कारखान्यापासून दूर मिळाला’ एवढे आश्वासन म्हणूनच पुरेसे नाही.

आपल्याकडील स्थितीचा विचार करता, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते. २०२२ च्या अहवालात देशातील संख्या ३११ वर आली, महाराष्ट्रातील मात्र ५५ झाली. दोन्ही वेळा ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. हे पट्टे पाण्यातील सेंद्रिय मलाच्या प्रमाणावरून, म्हणजे जैविक प्राणवायूच्या मागणीवरून ठरतात; जड धातूंवरून नव्हे. अर्थात यादीत नसलेली नदी धातूंच्या दृष्टीने निर्दोष आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. मुलामा देण्याचे कारखाने, जुन्या बॅटऱ्यांतील शिसे वेगळे करणारे व्यवसाय, रंग, चर्मोद्योग, दगडी कोळशाची राख, शहरांचे सांडपाणी आणि द्राक्षबागांत फवारली जाणारी ताम्रयुक्त बुरशीनाशके हे सर्व धातूंचे स्रोत आहेत.

मांसाकडून कवचाकडे

धातूंचा संग्रह मांसात अधिक व कवचात पुष्कळ कमी असतो, हे प्रथमच सांगितले पाहिजे. बंगाल, बिहार व ईशान्य भारतात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे मांस खाल्ले जाते. उकळल्याने वा शिजवल्याने धातू नाहीसे होत नाहीत. आपण मात्र औषधासाठी कवच घेतो. म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु निर्धास्त राहण्याचेही नाही. त्याची कारणे तीन.

पहिले कारण असे की कवच बांधताना कॅल्शियमच्या जागी बसलेले शिसे वा कॅडमियम तेथे कायमचे बंद होते. मांसातील धातू काळाने काही अंशी उतरतो. कवचातील उतरत नाही. कवचाचे थर म्हणजे त्या पाण्याची वर्षावर्षाची नोंदच असते.

दुसरे कारण कवचाच्या बाह्य आवरणात आहे. जलशुक्तीवर हिरवट-तपकिरी, पापुद्र्यासारखा सेंद्रिय थर असतो. त्यावर लोह व मँगेनीजची पुटे चढतात आणि या पुटांना इतर धातू सहज चिकटतात.

तिसरे कारण सहसा लक्षात येत नाही. गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे व गोगलगायींचे कवच अ‍ॅरागोनाइट या स्वरूपातील चुन्याचे असते. हे द्रव्य पाण्यातील शिसे व कॅडमियम इतक्या उत्तम प्रकारे ओढून घेते की दूषित पाणी शुद्ध करण्यासाठी कवचांचे चूर्ण वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. म्हणजे प्राणी मेल्यावरही रिकामे कवच सांडपाण्याच्या गाळात पडून राहिले, तर ते धातू शोषतच राहते. नदीकाठी आयती पडलेली कवचे गोळा करणे सोपे व स्वस्त असते. पण संशयास्पद जलाशयाच्या काठची अशी कवचे सर्वांत अविश्वसनीय समजावीत.

पुटातील हिशेब

आता रसशाळेतील क्रियेकडे वळू. कांजी, निंबूरस किंवा जयंतीस्वरस यांत दोलायंत्राने स्वेदन करताना अम्लामुळे कवचाचा पृष्ठभाग काहीसा विरघळतो. त्याबरोबर पृष्ठभागास चिकटलेला मल व धातूंचा काही भाग निघून जातो. शोधनाचे हे कार्य प्रत्यक्ष उपयोगाचे आहे. परंतु कवचाच्या गाभ्यात बसलेला धातू शोधनाने निघत नाही.

मारणात अग्नी सेंद्रिय भाग जाळतो आणि चुन्यातील कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर काढतो. पूर्ण दहन झाले तर १०० ग्रॅम शुद्ध कवचाचे सुमारे ५६ ग्रॅमच शेष राहते. पारा उष्णतेने उडून जातो, पण तो भट्टीच्या धुरावाटे काम करणाऱ्यांच्या श्वासात जाऊ शकतो. कॅडमियम व शिसे यांचा काही अंश तीव्र तापमानास उडू शकतो. मात्र त्यावर विसंबून राहता येत नाही. धातू तेवढाच राहिला आणि वजन ५६ टक्क्यांवर आले, तर त्याचे प्रमाण सुमारे पावणेदोन पटींनी वाढते.

आयुर्वेदीय औषधांसाठी शिशाची कमाल मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लक्ष भागांत १० भाग, आणि कॅडमियमची ०.३ पीपीएम आहे. कच्च्या शिंपल्यात ६ पीपीएम शिसे असेल तर कच्चा माल मर्यादेत आहे असे प्रमाणपत्र मिळेल; पूर्ण दहनानंतर तेच प्रमाण १०.७ होऊ शकते. कॅडमियम ०.२ असेल तर भस्मात ते ०.३६ भरेल. उलट हिशेब केला तर कच्च्या कवचात शिसे ५.६ पीपीएमपेक्षा आणि कॅडमियम ०.१७ पीपीएमपेक्षा कमी असले, तरच सिद्ध भस्म खात्रीने मर्यादेत राहील. पुट सौम्य असेल व दहन अपूर्ण असेल, किंवा भस्माने हवेतील आर्द्रता व वायू पुन्हा घेतला असेल, तर ही वाढ कमी होते. तरीही खरेदी करताना कठोर बाजूचा हिशेब धरणे हेच शहाणपणाचे.

वारितर, रेखापूर्ण, मृदुत्व इत्यादी भस्मपरीक्षा या कामी येत नाहीत, हेही स्पष्ट व्हावे. भस्म सूक्ष्म झाले की नाही, सिद्ध झाले की नाही, हे त्या सांगतात. त्यासाठीच त्या सांगितल्या आहेत. दहा लक्ष भागांतील पाच-दहा भाग परकीय धातू दाखवणे हे त्यांचे कार्यच नव्हे. त्यासाठी अणुशोषण वर्णपटमापक किंवा तत्सम उपकरणच हवे.

रुग्णाच्या दृष्टीने

शुक्तिभस्म ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले, तर रोज १ ग्रॅम पोटात जाते. त्यात शिसे नेमके मर्यादेइतके, म्हणजे १० पीपीएम असेल, तर रोज १० मायक्रोग्रॅम शिसे मिळते. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली आहारातून येणाऱ्या शिशाची जी संदर्भमात्रा ठरवली, ती बालकांसाठी दिवसाला २.२ आणि प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी ८.८ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने शिशाची पूर्वीची साप्ताहिक सह्य मात्रा २०१० साली मागे घेतली, कारण सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही मात्रा ठरवता येईना.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅल्शियम स्वतः आतड्यातील शिशाच्या शोषणास अडथळा आणते, म्हणून वरील सर्व शिसे रक्तात जाते असे नाही. परंतु बालके प्रौढांपेक्षा चार-पाच पटींनी अधिक शिसे शोषतात, आणि गर्भिणीच्या रक्तातील शिसे अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते. ज्या दोन रुग्णगटांना आपण ही सौम्य औषधे विश्वासाने व दीर्घकाळ देतो, तेच हे दोन गट आहेत. हा प्रश्न आयुर्वेदापुरता मर्यादित नाही. १९९३ साली परदेशात ७० प्रकारच्या कॅल्शियमपूरक औषधांची तपासणी झाली, तेव्हा अस्थिचूर्ण व कालवांचे कवच अशा नैसर्गिक स्रोतांपासून बनवलेल्या अशुद्धीकृत पूरकांत शिशाचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले. दोष चिकित्सापद्धतीचा नसून द्रव्यसंग्रहाचा आहे.

रसशाळाचालक व वैद्यांसाठी सूचना

१. कवचे खरेदी करताना जलाशयाचे नाव, संकलनाचा महिना आणि कवच जिवंत प्राण्याचे की काठावर पडलेले, या तीन गोष्टी विचारून लेखी घ्याव्यात. उत्तर न देणाऱ्याचा माल घेऊ नये.

२. समुद्रातील व गोड्या पाण्यातील कवचे वेगळी करावीत. मुक्ताशुक्तीच्या नावाने जलशुक्ती आणि क्षुद्रशंखाच्या नावाने वाटेल ती गोगलगाय स्वीकारू नये.

३. शोधनापूर्वी कवच कोमट पाण्यात भिजवून बाहेरचा हिरवट-तपकिरी थर व काळपट पुटे पूर्णपणे खरवडून काढावीत. जलशुक्तीची आतील चकाकी असलेली बाजूच शक्यतो घ्यावी.

४. शोधनासाठी वापरलेला अम्लद्रव दुसऱ्या घाण्यास पुन्हा वापरू नये. पहिल्या घाण्यातून सुटलेले धातू त्यातच असतात.

५. तपासणी कच्च्या कवचाची आणि सिद्ध भस्माची, अशी दोन्ही वेळा करावी. नमुना एकाच पोत्याच्या वरच्या थरातून न घेता सर्व पोत्यांतून थोडा थोडा घेऊन, कुटून, एकजीव करून पाठवावा. शिसे, कॅडमियम, सोमल व पारा या चारही धातूंचे आकडे मागावेत. ‘उत्तीर्ण’ एवढाच शेरा पुरेसा मानू नये.

६. खल, शराव व भट्टी यांकडेही पाहावे. नागभस्म वा वंगभस्म ज्या खलात घोटले, त्यात सुधावर्गातील द्रव्य घोटू नये. २००० साली अधिसूचित झालेल्या शेड्यूल टी मध्ये भांड्यांची व जागेची स्वच्छता अपेक्षितच आहे.

७. शक्य तेथे ज्ञात स्रोत निर्माण करावा. भुवनेश्वर येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने लॅमेलिडेन्स जातीच्या शिंपल्यांत मोती तयार करण्याचे तंत्र विकसित केले असून महाराष्ट्रातही काही शेतकरी आपल्या तळ्यांत ही मोतीशेती करतात. मोती काढल्यावर कवच उरतेच. अशा तळ्याचे पाणी व गाळ एकदा तपासून घेतल्यास वय, जात व जलाशय ठाऊक असलेली कवचे मिळू शकतील आणि नैसर्गिक नद्यांतील घटत्या शिंपल्यांवरील भारही कमी होईल.

८. वैद्यांनी गर्भिणी, स्तन्यदा व बालके यांना सुधावर्गातील कल्प दीर्घकाळ देताना उत्पादकाकडून त्या घाण्याचा धातुतपासणीचा अहवाल मागावा. वैद्य मागतील तरच उत्पादक तपासतील.

समारोप

भेषज उत्तम भूमीतून, योग्य काळी, विधिपूर्वक संग्रहित करावे, हा दंडक आचार्यांनी घालून दिला आहे. श्मशान, वारूळ, क्षारभूमी येथील औषधी त्याज्य मानल्या आहेत. वनस्पतींसाठी भूमीची जी परीक्षा, तीच कोशस्थ प्राण्यांसाठी जलाची परीक्षा होय. शिंपला ज्या पाण्यात वाढला, त्या पाण्याचे गुणदोष घेऊनच तो आपल्या शरावसंपुटात येतो, आणि अग्नी त्यातील प्रत्येक दोष जाळू शकत नाही.

आपल्या रसशाळेतील घाण्याच्या नोंदवहीत द्रव्याचे नाव, वजन, भावना, पुटसंख्या हे रकाने असतातच. त्यांच्या आधी ‘जलाशयाचे नाव’ हा एक रकाना आखून घ्यावा, आणि तो रिकामा असेल तोवर पुट देऊ नये.